फळ्यावरची ओळ

धामणकर नाक्यावर शेअर रिक्षा लागतात, तिथल्या विजेच्या खांबाला बाळाराम म्हात्रेनं एक काळा फळा बांधला होता. दर शुक्रवारी सकाळी तो स्वतः स्टुलावर चढायचा आणि रंगीत खडूनं आपल्या 'खाडीवारा' साप्ताहिकाची मोठी बातमी त्यावर लिहायचा. बातमी कसली, बातमीचं नुसतं तोंड. धड कधीच दाखवायचा नाही. 'कशेळीच्या पुलाखाली काय सापडलं? आत वाचा.' आत वाचावं, तर कोणाची तरी चुकलेली म्हैस सापडलेली असायची.

"बाळारामशेट, म्हशीचं पुढं काय झालं?" रिक्षावाले त्याला डिवचायचे.

"दूध देते. आत वाच," म्हणून तो खडूचे हात लेंग्याला पुसायचा.

लोक हसायचे, शिव्या द्यायचे आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा फळ्यासमोर थांबायचे. विकत घेणारे थोडे, फळ्यावरची ओळ वाचून तिचं पुढचं आपणच रचणारे पुष्कळ. मंदाच्या हे नेहमीच्या पाहण्यातलं होतं. ती काम करायची ती रक्त-लघवी तपासायची लॅब फळ्याच्या अगदी समोर होती.

मंदा बीएस्सी झालेली. बोलणं कमी, अक्षर बारीक आणि सरळ. लॅबच्या शेजारच्या गाळ्यात व्हिडिओ गेमचं पार्लर निघालं, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत ती दारात उभी राहून बघायची. खेळायची नाही. शत्रूची विमानं पडद्याच्या कोणत्या बाजूनं आणि कशाच्या मागोमाग येतात, ते तिच्या ध्यानात आलं. नेम चुकतो तो हातामुळे नव्हे, उतावीळपणामुळे, हेही आलं. तिनं ते लिहून बाळारामला दाखवलं, आणि त्यानं 'खेळघर' नावाचं सदर सुरू केलं. कोणत्या पार्लरात कोणता खेळ आला, तो कसा चालतो, पडद्यावर चित्र उमटतं कसं, असं त्यात असायचं. सायन्सच्या प्रयोगवहीची तिला सवय लागलेली, त्यामुळे सदरही तसंच असायचं: आधी काय पाहिलं, मग कसं पाहिलं, निष्कर्ष सगळ्यात शेवटी.

ते सदर मन लावून वाचणारा एक वाचक कामतघरला होता. अनंता. मंदाच्याच चाळीत, चार दारं सोडून राहायचा. दिवसा यंत्रमागाच्या शेडमध्ये लूमवर, संध्याकाळी घरच्या पार्लरात. घरचं पार्लर म्हणजे त्याची आई द्रौपदी हिनं पुढच्या खोलीत मांडलेली दोन जुनी मशिनं. अनंता 'खेळघर' मोठ्यानं आईला वाचून दाखवायचा, कारण द्रौपदीला अक्षर येत नव्हतं. मग कातरून मशिनच्या कडेला खळीनं चिकटवायचा.

"मंदाताई, तू एवढं लिहितेस, मग खेळत का नाहीस?"

"माझी नजर पडद्यावर टिकत नाही."

"मग कुठं असते?"

"खेळणाऱ्याच्या चेहऱ्यावर."

"म्हणजे आम्ही तुझ्या काचेवरचे किडे!" तो हसला. "बघ बघ. हिमोग्लोबिन किती निघतं सांग."

चेहऱ्याकडे पाहायची सवय होती म्हणूनच त्या रविवारी तिला ते आधी दिसलं. अनंता घरच्या मशिनवर विमानाचा खेळ खेळत होता. शनिवारची सगळी रात्र जादा शिफ्ट करून आलेला, डोळे लाल. खेळात बॉम्ब पडला की सगळा पडदा पांढरा-काळा लपलपायचा. त्याच्या तोंडाची एक बाजू ओढली गेली, दांडीवरचा हात ताठ झाला आणि तो स्टुलासकट खाली आला. मंदानं त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपली पर्स घातली. द्रौपदीनं धावत जाऊन आधी दार लावून घेतलं.

"कुनाला सांगू नुको," ती म्हणाली. पोराच्या तोंडाचा फेस ती पदरानं पुसत होती. "पहिल्यांदा न्हाय हे. सरकारी दवाखान्यातल्या गोल्या हायेत, पन घेत न्हाय. शेडवाल्याला कललं तर लूमवर उभा करनार न्हाय. पोरगी कोन देईल?"

"मावशी, गोळ्या चुकवून चालणार नाही."

"माझं ऐकतो कं? मी सांगतं तं म्हनतो, आये, तुना काय कलतं. तुझं छापलेलं तेवढं खरं मानतो. तू लिव. त्याचं नाव नको घालू, पन त्याला कलेल असं लिव."

मंगळवारी लॅबमध्ये रिपोर्ट न्यायला आलेल्या डॉक्टरांना तिनं, नाव न सांगता, विचारलं. ते म्हणाले, काहींना लपलपत्या उजेडानं फिट येते, जागरणानं जास्त. "पण खेळाचं राहू द्या. आधी त्याला पाण्यापासून लांब ठेवा. पाण्यात फिट आली तर माणूस हाक मारत नाही, हात हलवत नाही. शेजारच्याला वाटतं, डुबकी मारलीय."

 अनंता रोज पहाटे कामतघरच्या तलावात पोहायला जायचा.

तोंडी सांगितलं तर तो हसण्यावारी नेईल, छापलेलं मानेल, असं धरून तिनं त्या रात्री सदर लिहिलं. पडदा कसा लपलपतो, मेंदूवर त्याचा काय परिणाम होतो, खोलीत दिवा का हवा, झोप का हवी, गोळी का चुकवू नये. आणि शेवटी, निष्कर्षाच्या जागी, ज्याच्यासाठी सगळं लिहिलं तो परिच्छेद: 'ज्यांना फिट येते त्यांनी तलावात, विहिरीत, कुठल्याही पाण्यात एकट्यानं उतरू नये. फिट आल्यावर हाक मारता येत नाही. सोबत जाणकार माणूस हवा, आणि त्याला आधी सांगून ठेवायला हवं. सांगण्यात लाज नाही.'

"या शुक्रवारीच गेलं पाहिजे," ती बाळारामला म्हणाली.

"घाई का?"

"कामतघरला एक मुलगा मशिनसमोर पडला. त्याच्यापर्यंत पोचायला हवं."

बाळारामनं चष्मा वर केला. "पडला? मशिनसमोर?"

"नाव छापायचं नाही."

"नाव कशाला छापतो मी," तो म्हणाला. खरंच, नाव त्यानं छापलं नाही.

शुक्रवारी सकाळी ती लॅबचं शटर उघडत होती, तेव्हा फळ्यापुढे नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. लाल खडूनं लिहिलेलं होतं:

'कामतघरच्या त्या मशिनमध्ये काय आहे? पोरं का पडतात? आत वाचा.'

तिनं अंक घेतला. हीच ओळ पहिल्या पानावर, छपाईच्या लाकडी खिळ्यांच्या बोटभर अक्षरांत, पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाली तिचा मजकूर. तिनं तो उभ्यानंच शेवटाकडून वाचला. शेवटचा परिच्छेद नव्हता. गोळी चुकवू नये, इथं सदर संपलं होतं.

ती तशीच रस्ता ओलांडून छापखान्यात गेली. खालच्या मजल्यावर ट्रेडल मशीन थंड झालं होतं आणि बाळाराम चहा पीत होता.

"शेवटचा परिच्छेद कुठं गेला?"

"अगं, हेडिंग बघ की केवढं झालंय! पहिलं पान दिलंय तुला. तिथं पोचायला लोकांचे जोडे झिजतात."

"पण महत्त्वाचं तेच होतं."

"महत्त्वाचं होतं तर शेवटी कशाला लिहिलंस?" त्याला खरंच नवल वाटलं. "पेपरात जागा कमी पडली की खिळे जुळवणारा जुळारी शेपटाकडून कापतो. सगळीकडे असंच. डोकं कधी कापत नाहीत."

मंदाला हे ठाऊक नव्हतं. कॉलेजात निष्कर्ष शेवटी लिहायला शिकवलं होतं, आणि तो कोणी कापला नव्हता.

"पुढच्या अंकात घेऊ," बाळाराम म्हणाला. "चहा?"

त्या दिवशी लॅबमध्ये मलेरियाच्या काचा साचल्या होत्या. घरी पोचली तेव्हा अनंता रात्रीच्या जादा शिफ्टला गेलेला. उद्या सांगू, असं तिनं ठरवलं.

शनिवारी संध्याकाळी चाळीत शिरताच तिला गलका ऐकू आला. द्रौपदीच्या दारासमोर माणसं दाटली होती. कोणी अंक वाचला होता, कोणी फळा, कोणी दोन्ही वाचणाऱ्यांकडून ऐकलं होतं. आत कोणाचं नाव नाही म्हटल्यावर लोक नाव शोधायला निघाले होते, आणि कामतघरात मशिनवालं घर हे एवढंच.

"मशिन कुठून आनलं विचारा तिला," एक म्हातारी म्हणत होती. "मुंबैला एका पार्लरमदी पोर मेला, त्याचं मशिन हाय म्हनं."

"पेपरात आलंय?"

"आलंय तर! मोठ्या अक्षरात."

शेजारची राहीबाई मंदाला बाजूला घेऊन कुजबुजली, "शेडवाला दौलतशेट येऊन गेला. अनंताच्या बाजूचे भैये लूम चालवाया तयार न्हायत. म्हनतात, 'सेठ, इसके ऊपर कुछ है, हमारे पे आ जायेगा.' शेट म्हनला, अंगावरचं उतरवून ये, तोवर ड्युटी नाय."

मंदा गर्दीतून वाट काढत दाराशी गेली. द्रौपदी उंबऱ्यात उभी होती. डोळे कोरडे, आवाज चिरका.

"आलीस? बघ, तुझं लिवलेलं वाचून जत्रा भरली."

"मावशी, मला अनंताशी बोलायचंय. आत येऊ दे."

"आनि काय लिवायचं राह्यलंय?"

आतून अनंताचा आवाज आला. "आये, येऊ दे तिला. तिनं तसं लिहिलं नाही. मी वाचलंय सगळं."

"तू गप ऱ्हा!"

सगळी गर्दी मंदाच्या तोंडाकडे पाहत होती. सांगायचं एवढंच होतं, पाण्यात एकटा उतरू नकोस. पण ते इथं, या माणसांसमोर म्हणायचं, तर का, हेही म्हणावं लागलं असतं. मशिनचं भूत एक वेळ उतरवता येतं. फिट उतरत नाही. ती लूमवरून आणि लग्नाच्या बाजारातून जन्माचं उठवते. मशिनच्या कडेला कालचं कात्रण चिकटवलेलं तिला खांद्यांच्या फटीतून दिसलं. खळ अजून ओली होती.

"उद्या येते," ती म्हणाली. द्रौपदीनं दार लोटलं.

रविवारी ती लवकर उठून गेली, तर दाराला कुलूप.

"पयल्या गाडीनं गेली दोघं," राहीबाई नळावर भांडी घासत म्हणाली. "अकलोलीला. कुंडात आंघोळ घालून वज्रेश्वरीला नारळ फोडनार. उनउन पानी, अंगातलं सगळं बाहेर काढतं. मीच सांगितलं."

मंदाच्या हातातली पिशवी तिथंच राहिली. ती नाक्यापर्यंत धावली. गाडी मिळेना, शेवटी अंबाडीकडे जाणाऱ्या एका टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसली. तो गप्पिष्ट होता. "खाडीवारा वाचलं का बाई? कामतघरला मशिनमध्ये बाई आहे म्हणे, पोरं ओढते." मंदानं त्याला फक्त जरा वेगानं घ्यायला सांगितलं.

अकलोलीला बायकांचं कुंड वेगळं, पुरुषांचं वेगळं, मध्ये भिंत. द्रौपदी बायकांच्या बाजूला ओल्या लुगड्यानं उभी होती आणि भिंतीपलीकडे हाका मारत होती. "अनंता! झालं कं? अरे, चक्कर येईल, नीघ आता!"

पलीकडून पुरुषांचे आवाज, हसणं, पाण्याचे हबके. मंदा काही न बघता भिंतीला वळसा घालून पुरुषांच्या कुंडाकडे गेली. "ओ बाई, इकडं कुठं!" कोणीतरी ओरडलं. पाण्यावर वाफ होती. कडेला अनंताचा शर्ट घडी करून ठेवला होता.

"या शर्टाचा मुलगा कुठाय?"

"तो? दम लांब हाय त्याचा," अंगाला साबण लावणारा एक जण कौतुकानं म्हणाला. "मघाधरनं बुडी मारून बसलाय."

त्याला वर काढला तेव्हा त्याच्या चेहऱ्याची एक बाजू ओढलेली होती. मंदानं छाती दाबली, तोंडानं श्वास दिला, शिकलेलं सगळं केलं. द्रौपदीला कोणी तरी आणलं. ती पोराच्या पायाला हात लावून पाहत होती, पाय उनउनच होते, आणि त्यामुळे कोणी काही सांगितलं तरी तिला ते पटत नव्हतं.

बाळाराम मयताला आला. त्यानं खांदा दिला, लाकडांची व्यवस्था केली, खाडीकाठी ऊर फुटेस्तो रडलाही. त्याच्या दूरच्या नात्यातलं घर होतं ते. आणि शुक्रवारी फळ्यावर लिहिलं, 'अखेर त्या मशिनने बळी घेतला!'

"भाऊ, मशिननं नाही घेतला," मंदा छापखान्यात म्हणाली.

"मला माहीत आहे गं. लोकांना कुठं माहीत आहे?"

"मग सांगा ना त्यांना."

"सांगतो. तुझा परिच्छेद घेतलाय बघ. अख्खा. शब्द कापला नाही."

खरंच घेतला होता. तिसऱ्या पानावर, लग्नाच्या हॉलच्या जाहिरातीखाली, 'आरोग्यसूचना' असं वर लिहून. त्याच दुपारी एक बाई मुलीला घेऊन लॅबमध्ये आली. चिठ्ठीवर डॉक्टरनं लिहिलं होतं, वारंवार फिट. बाईच्या पिशवीतून 'खाडीवारा'चा अंक डोकावत होता.

"यातलं तिसरं पान वाचलंत?" मंदानं विचारलं.

"मशिनचं वाचलं. बाकी काय असतं त्यात?" बाई म्हणाली. "ताई, हिला अकलोलीला न्यावं म्हणतात. न्हेऊ का?"

मंदानं तिला समोर बसवून सगळं तोंडानं सांगितलं, दोनदा. बाईनं मान डोलावली. पण लॅबमध्ये न येणाऱ्या किती असतील, ते मंदा मोजू शकत नव्हती.

तेरावं उरकल्यानंतरच्या गुरुवारी ती पुन्हा बाळारामसमोर बसली. "पुन्हा छापायचाय. पहिल्या पानावर."

"आता शिळं झालं गं. लोक दुसऱ्या गोष्टीकडे वळले."

"हेडिंग मी देते."

तिनं कागद पुढे सरकवला. बाळारामनं तो दोनदा वाचला. त्यावर तिच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं: 'अकलोलीच्या कुंडात अनंताला कोणी ओढलं? आत वाचा.'

"तुला चालेल हे?"

"परिच्छेद सगळ्यात वर घ्या. कापायचं तर खालचं कापा. आणि फळा मी लिहिते. तुमची अर्धीअधिक अक्षरं लांबून लागत नाहीत."

शुक्रवारी सकाळी ती स्टुलावर चढली. अक्षर मोठं काढलं, सगळ्यांना लागेल असं. ती खाली उतरायच्या आत माणसं थांबू लागली. रिक्षा रिकाम्या उभ्या राहिल्या. अंकांचा गठ्ठा भराभर उतरत होता, आणि हातात अंक असलेले लोक उभ्यानं वाचत होते, पहिलं वाक्य, दुसरं वाक्य. ओळ लागू पडत होती. मंदा मागे सरून पाहत राहिली, फळ्याकडे नाही, चेहऱ्यांकडे.

मग गर्दी थोडी फाकली आणि द्रौपदी पुढे आली. तिच्या हातात बाजाराची पिशवी होती.

"मंदा, काय लिवलंय गं? माझ्या पोराचं नाव हाय म्हंतात."

मंदाच्या बोटांना खडू होता. नाही म्हणायला जागा नव्हती. तिनं वाचून दाखवलं.

"मग?" द्रौपदी म्हणाली. "कोनी ओढलं?"

 मंदानं अंक उघडला आणि परिच्छेद वाचला. तलावात, विहिरीत, कुठल्याही पाण्यात एकट्यानं उतरू नये. हाक मारता येत नाही. सोबत जाणकार माणूस हवा. द्रौपदीनं प्रत्येक वाक्य मान खाली घालून ऐकलं, अनंता वाचून दाखवायचा तेव्हा ऐकायची तसंच.

"हे तुला आधी ठावं होतं?"

"हो. लिहिलंही होतं. त्या वेळी जागा नव्हती."

"मना तोंडानं सांगाया काय जागा लागते?"

 द्रौपदी फळ्याकडे वळली. "यात त्याचं नाव कंचं?"

मंदानं बोट ठेवलं. द्रौपदीनं पदराचं टोक हातावर गुंडाळलं आणि तेवढीच अक्षरं पुसली, पोराचं तोंड पुसावं तशी, हळू, कडेनं मध्याकडे. बाकीचं तसंच ठेवलं. तिला ते वाचता येत नव्हतं. पिशवी उचलून ती कामतघरच्या रस्त्याला लागली.

फळ्यावर आता नावाच्या जागी पांढुरका ढग होता. 'अकलोलीच्या कुंडात — कोणी ओढलं?' नव्यानं येणारी माणसं त्याच्यापुढे आधीपेक्षा जास्त वेळ थांबू लागली. "कोणाला रे? कोणाला?" एकमेकांना विचारू लागली. दुपारच्या आत अंक संपले, आणि बाळारामनं छापखान्यातून हाक मारली, मंदा, आणखी काढू का?